आवडता बँड प्रत्यक्ष ऐकताना

शाळेच्या वयापासून ज्या रॉक बँडची गाणी ऐकत आलो, तो आज प्रथमच प्रत्यक्ष ऐकला, तरी पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही. गायकाचा आवाज आता वरच्या पट्टीत पोहोचत नसल्याने जुनी गाणी अर्धा स्वर उतरवून वाजवली गेली. ही तडजोड मला मान्य आहे, किंबहुना गिटारला त्यामुळे आलेला भारदस्तपणा आवडलाच. खटकली ती ध्वनियोजना. बेसच्या घुमण्यात शब्द बुडत होते आणि आम्ही मंचापासून सुमारे १०० मीटर मागे असल्याने ड्रमवर काठी पडलेली आधी दिसे, ठोका मात्र साधारण ०.३ सेकंदाने ऐकू येई. नवी गाणी रेंगाळली. शेवटचे प्रदीर्घ गिटारवादन अप्रतिम होते, म्हणून पुढच्या वेळीही जाणारच, फक्त जागा साउंड मिक्सरच्या टेबलाजवळची पकडेन.