तीन वर्षांची मुदत आणि आमचे सॉलिसिटर

लेस्टरमध्ये सायकलवरून कामाला जाताना एका गाडीने धडक दिली आणि माझे डावे मनगट मोडले, त्याला आता सव्वादोन वर्षे होत आली. भरपाईचा दावा ज्या सॉलिसिटरांकडे सोपवला आहे, त्यांना आज सकाळी पुन्हा फोन केला, तर "फाइल बघून कळवतो" हेच ठरलेले उत्तर मिळाले; वैद्यकीय अहवाल मात्र फेब्रुवारीपासून त्यांच्याकडे पडून आहे. इंग्लंडमध्ये १९८०च्या मुदत कायद्यानुसार दुखापतीचा दावा साधारणपणे ३ वर्षांच्या आत न्यायालयात दाखल व्हावा लागतो, त्यामुळे ही दिरंगाई मला परवडणारी नाही. 'जिंकलो तरच फी' असा करार असल्याने इतके दिवस तगादा लावायला उगीचच संकोच वाटत होता, जणू मी कुणाकडून फुकट काम करून घेतो आहे. प्रत्यक्षात दावा जिंकल्यास भरपाईच्या ठरावीक भागातून २५ टक्क्यांपर्यंत रक्कम तेच कापून घेणार आहेत. अखेर दुपारी त्यांच्याच फर्मकडे लेखी तक्रार पाठवली, कारण ८ आठवड्यांत समाधानकारक उत्तर आले नाही तर लीगल ओम्बुड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी हाताळणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, दाद मागता येते. पानभर मजकूर टाइप करेपर्यंत तेच मनगट ठणकू लागले होते.