'फिट' आणि 'अनफिट'च्या मधली चौकट

एका कागदावर एक चौकट वाढवायला चार महिने लागले. अजून आठवलं की डोकं तापतं.

आमच्या कंपनीच्या दवाखान्यात पाळीपाळीने बसणारे पाच डॉक्टर. कंबरदुखीची गाइडलाइन त्यांच्या रोजच्या वापरात आणायचं काम माझ्याकडे आलं. गाइडलाइन तशी सरळ. आधी धोक्याच्या खुणा विचारायच्या: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद उतरत जाणं, ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, मोठा मार. यातलं काही नसेल तर एक्सरे-एमआरआयची घाई नाही आणि अंथरुणात पडून राहणंही नाही. हिंडतं-फिरतं राहायचं, आणि कामात थोडा बदल करून लवकर कामावर यायचं. प्रशिक्षण झालं, चहा झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या.

महिन्याने कागद काढून पाहिले. एक्सरे थोडे कमी झाले होते, पण शेरा जुनाच: 'सात दिवस विश्रांती, अनफिट.' मी चिडून सगळ्यांना एक खरमरीत मेल टाकला. तो टाकायला नको होता. दुसऱ्या दिवशी आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ डॉक्टर फिटनेसचा फॉर्म घेऊन आले आणि समोर ठेवून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच भरून दाखवा."

भरता येईना. चौकटी दोनच. 'फिट' म्हणजे उद्यापासून दिवसभर पोती उचल, 'अनफिट' म्हणजे घरी बस. खाली शेऱ्याला बोटभर जागा होती, पण संगणकावर नोंद करताना शेरा गळायचा आणि सुपरवायझरला फक्त एक शब्द दिसायचा. गाइडलाइनमधल्या मुख्य सल्ल्यालाच कागदावर जागा नव्हती, आणि मी डॉक्टरांना दोष देत होते.

मग सुरू झाली चौकटीची वारी. डॉक्युमेंट कंट्रोल, म्हणजे कंपनीचे फॉर्म सांभाळणारा विभाग, म्हणाला, फॉर्मची आवृत्ती फक्त वार्षिक आढाव्यात बदलते. एचआरने विचारलं, मर्यादित कामाचा पगार कुठल्या खात्यात टाकायचा? प्रॉडक्शनवाले म्हणाले, "अर्धा माणूस मी ठेवू कुठे?" कायदा विभागाला 'मर्यादित' या शब्दाची व्याख्या हवी होती. मी दिली, ती परत आली. पुन्हा दिली, तर एक स्वल्पविराम बदलून परत. त्यातच कुणीतरी फॉर्मवर निदानाचा रकाना घालायला सांगितलं. तिथे मी अडून बसले. सुपरवायझरला आजाराचं नाव कशाला हवं? माणसाला काय जमेल आणि काय नाही, एवढं त्याला कळलं की पुरे. या एका वादात महिना गेला आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

गाडं हललं ते भलतीकडूनच. कंटाळून मी दोन सुपरवायझरांबरोबर लाइनवर जाऊन बसले आणि कामांची यादी केली: कशात वाकावं लागतं, कशात उचलावं लागतं, कुठल्या गाडीवर अंगभर हादरे बसतात, बसून करण्यासारखं काय आहे. यादी त्यांनीच भरली. नंतर 'मर्यादित काम'ची चौकट प्रॉडक्शननेच मागितली आणि आठवड्यात फॉर्म छापून आला. माझे चार महिने कुठल्या फायलीत गेले, देव जाणे.

कुणी हे करायला निघालं असेल तर प्रशिक्षणाच्या आधी स्वतः एक फॉर्म भरून बघा. मी उलटं केलं. कागदांची तपासणी ज्याची त्याला एकट्याला दाखवा, साहेबांसमोर नको. पेशंट एक्सरेसाठी हटून बसला की डॉक्टर समजवायला वेळ नाही म्हणून एक्सरे लिहून देतात. त्यासाठी आम्ही एक वाक्य ठरवलं: "मणक्यांची झीज कंबर न दुखणाऱ्यांच्या फोटोतही दिसते." आणि हो, मर्यादित कामाला संपण्याची तारीख हवीच, नाहीतर हलकं काम वर्षभर चालतं. आणखी एक प्रश्न आम्ही उशिरा घातला: "तुम्हाला स्वतःला कधीपर्यंत कामावर येता येईल असं वाटतं?" सुट्टी कुणाची लांबणार, याचा अंदाज एक्सरेपेक्षा या उत्तरावरून जास्त येतो.

पहिला नवा फॉर्म त्याच ज्येष्ठ डॉक्टरांनी भरला. चौकट ठीक आहे म्हणाले, पण तारखेची जागा इतकी अरुंद की साल मावत नाही. मी डॉक्युमेंट कंट्रोलला फोन केला. वार्षिक आढाव्यात बघू, म्हणाले.