जे आधी घडेल ते

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये चकलीचा डबा अर्धा शिल्लक होता. त्यातली एक तोंडात टाकणार तेवढ्यात फोन सुरू झाले. एक ठेवला की दुसरा. बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५. सगळ्यांचा प्रश्न एकच: "ताई, कामाच्या परवान्याची आपोआप वाढ बंद झाली म्हणतात, खरं आहे का हो ते?"

मी न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला, एका इमिग्रेशन वकिलांकडे पॅरालीगल आहे. फॉर्म भरणं, पाकिटं लावणं, पावत्या जपणं हे काम आहेच, पण त्याखेरीज दहा वर्षांत एक काम आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. फेडरल रजिस्टरमध्ये आमच्या अशिलांना लागू होईल असं काही आलं की ते वाचायचं आणि साध्या भाषेत एका पानात लिहायचं. आधी इंग्रजीत. ते आमच्या वकीलबाई तपासतात. मग त्याचं मराठी मी करते आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. मराठी कोणी तपासत नाही, कारण ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेडरल रजिस्टर म्हणजे आपल्या राजपत्राचं इथलं भावंड. १९३६ च्या मार्चपासून निघतंय. सरकारी कामाच्या दर दिवशी अंक येतो, आणि उद्याच्या अंकात काय येणार ते बहुतेक वेळा आदल्या दिवशी सकाळी पावणेनऊला बघायला ठेवतात. माझा चहा त्या यादीसोबत होतो. माझे बाबा तलाठी होते. नोटीस आली की चावडीवर डकवायची, पंचनामा करायचा, झालं. गावाला कळलं असं धरलं जायचं. ज्यांना वाचता यायचं नाही ते संध्याकाळी घरी येऊन विचारायचे, "भाऊसाहेब, त्या कागदात आमचं काय हाय?" बाबा 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' गाळून दोन वाक्यांत सांगायचे. मला वाटायचं, बाबांचंच काम मी इथे करतेय. त्या बुधवारी चारपर्यंत असंच वाटत होतं.

नोटीस अशी होती. नोकरीच्या एच-वन व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला, म्हणजे एच-फोरवाल्यांना, ग्रीन कार्डाच्या रांगेतला ठरावीक टप्पा गाठला की कामाचं परवानापत्र मिळतं. ईएडी. २०१५ पासून ही सोय आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या मराठी घरांमधल्या निम्म्या बायकांच्या नोकऱ्या त्या प्लास्टिकच्या कार्डावर उभ्या आहेत. कार्डाची मुदत संपते, नवं यायला महिनोन्‌महिने लागतात. मधल्या काळासाठी नियम होता: मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज गेलेला असेल तर जुन्या कार्डावर आपोआप वाढ, जास्तीत जास्त ५४० दिवस. डिसेंबर २०२४ मध्ये तो कायमचा म्हणून छापला, १३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. साडेनऊ महिने टिकला. आता नवी नोटीस म्हणत होती की ३० ऑक्टोबरला किंवा त्यानंतर दाखल होणाऱ्या अर्जांना ही आपोआप वाढ नाही. ३० ऑक्टोबर म्हणजे उद्या.

अशी नोटीस मी छापलेल्या क्रमाने वाचत नाही. आधी तारखांचा रकाना. मग 'ॲक्शन' ही ओळ, कारण हा प्रस्ताव आहे की नियम ते तिथे एका शब्दात असतं. सारांश सगळ्यात शेवटी, कारण तो खात्याने स्वतःच्या कौतुकाने लिहिलेला असतो. इथे ॲक्शनपुढे शब्द होते 'इंटरिम फायनल रूल'. अंतरिम अंतिम नियम! हे मराठीत कसं सांगायचं? १९४६ च्या कायद्याप्रमाणे आधी प्रस्ताव छापायचा, लोकांच्या हरकती घ्यायच्या, मग नियम, आणि तो लागू व्हायच्या आधी तीस दिवसांची उसंत. 'सबळ कारण' दाखवलं तर यातलं सगळं टाळता येतं. आज लागू, हरकती मागाहून कळवा. लग्न लागल्यावर मुलगी पसंत आहे का विचारण्यातला प्रकार. मी असंच लिहिलं होतं, वकीलबाईंच्या इंग्रजी पानात ते अर्थातच नाही.

दुपारपर्यंत माझा सगळा जीव 'दाखल' या एका शब्दात गुंतला होता. इंग्रजीत 'फाइल्ड'. आमच्या लोकांच्या मनात त्याचा अर्थ 'पाठवला' असा असतो, आणि खात्याच्या मनात 'त्यांच्या ठरलेल्या पत्त्यावर पोचला' असा. एक जण म्हणाली, "ताई, पाकीट तयार आहे, आत्ता कुरिअरला देते, रात्रीत पोचतं." मी म्हटलं, "पोचतं कधी?" "उद्या सकाळी." आणि ती गप्प झाली. उद्या ३० तारीख. दुसऱ्या एकीचं पाकीट आदल्या दिवशी निघालं होतं. तिच्यासाठी मी ट्रॅकिंग नंबर टाकून स्क्रीनकडे बघत बसले. २९ तारीख, सकाळी १०:२२, स्वीकारणाऱ्याची सही. ती फोनवर रडायला लागली आणि मलाही उगाचच एव्हरेस्ट चढल्यासारखं वाटलं. मराठी निरोपात ठळक अक्षरांत घातलं: 'दाखल म्हणजे पोचलेला, पोस्टात टाकलेला नव्हे. २९ पर्यंत पोचलेल्यांची वाढ गेलेली नाही.' निरोप गेला. चकली खाल्ली.

चार वाजता प्लेन्सबरोहून फोन आला. फिजिओथेरपिस्ट आहे ती, गुडघे बदललेल्या म्हाताऱ्यांना चालायला शिकवते. आवाजात हसू होतं.

"ताई, मी वाचले ना? माझा अर्ज सप्टेंबरातच पोचलाय. पावती आहे."

"वाचलीस बाई. सप्टेंबर म्हणजे काहीच प्रश्न नाही."

"हुश्श. माझं कार्ड १४ नोव्हेंबरला संपतंय. तुमचा जानेवारीतला मेसेज मी पिन करून ठेवलाय, ५४० दिवसांचा. ह्यांना तोच दाखवला. पुढच्या जूनपर्यंतचे पेशंट घेऊन ठेवलेत मी."

पिन केलेला मेसेज. ते ऐकताना माझा हात आपोआप कीबोर्डकडे गेला. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. "तुझ्या एच-फोरच्या कागदाच्या तळाशी आय-चौऱ्याण्णवचा तुकडा असेल बघ," मी म्हटलं. या देशात कुठल्या तारखेपर्यंत राहायची परवानगी आहे ते त्या तुकड्यावर असतं. "त्यावर कुठली तारीख आहे?"

कागदांची सळसळ. मागे कुणीतरी पोर 'आई, आई' करत होतं. "हां. अकरा, चौदा, पंचवीस."

१४ नोव्हेंबर. कार्डाचीच तारीख.

"नवऱ्याचं एच-वन वाढलंय ना? त्याबरोबर तुझं एच-फोर?"

"ह्यांचं ऑगस्टमध्येच आलं, २०२८ पर्यंत. माझं अजून पेंडिंग दाखवतंय. पण त्याचं काय? काम तर ५४० दिवस करता येतं ना?"

माझ्यासमोर तोवर जानेवारीचा मेसेज उघडलेला होता. 'कार्ड संपलं तरी घाबरू नका. मुदतीच्या आत अर्ज गेला असेल तर जुन्या कार्डावर ५४० दिवस काम करता येतं.' सुटसुटीत. तीन अंगठे, पाच नमस्कार, 'ताई, किती सोप्पं करून सांगता!' आणि शेजारच्या खिडकीत वकीलबाईंनी तपासलेलं इंग्रजी पान, त्यात त्याच वाक्यापुढे आणखी एक वाक्य: एच-फोरवाल्यांची वाढ ५४० दिवस किंवा आय-९४ वरची मुदत, यांपैकी जे आधी घडेल ते.

मराठीत ते वाक्य मी गाळलं होतं, आणि विसरून नव्हे. लिहिलं होतं, मग खोडलं. कारण आय-९४ म्हटलं की चाळीस जणींचे चाळीस फोन येतात: तो कागद कुठला, पासपोर्टावरचा शिक्का की वेबसाइटवरचा, दोन असतील तर कुठला खरा. रविवारची दुपार होती, मंडळाच्या हळदीकुंकवाला जायचं होतं. म्हटलं, सोपं ठेवू.

आता हे सोपं किती महागात पडतं ते बघा. एच-फोरवालीचं कार्ड बहुतेक वेळा तिच्या आय-९४ च्याच तारखेपर्यंत देतात. म्हणजे दोन्ही एकाच दिवशी संपतात. एच-फोरची वाढ मंजूर होऊन नवं आय-९४ हातात पडलेलं नसेल तर 'जे आधी घडेल ते' म्हणजे तोच दिवस. ५४० मधले शून्य दिवस. नवी नोटीस आली नसती तरी शून्यच. तिच्यापुरता तो नियम गेला नव्हता, तो तिला कधी मिळालाच नव्हता. मिळाला असं मी सांगितलं होतं.

"अगं," मी म्हटलं, "थांब जरा. मी मघाशी चुकीचं बोलले."

कसं सांगितलं ते पुन्हा लिहीत नाही. देशात राहायला हरकत नाही, वाढीचा अर्ज वेळेत गेलाय, तो निकाली निघेपर्यंत राहता येतं. पण १४ च्या शुक्रवारनंतर काम करता येणार नाही, एक तासही नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण तुम्ही लिहिलं होतंत." आरडाओरडा नाही, काही नाही. मला बाबांच्या ओसरीवरचे लोक आठवले, टोपी हातात धरून उभे राहिलेले.

पाच वाजता वकीलबाईंच्या केबिनमध्ये गेले आणि दोन्ही खिडक्या दाखवल्या. मराठी ओळीचा अर्थ शब्दशः सांगितला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी मला आयडाहोच्या एका शेतकऱ्याचा खटला सांगितला.

१९४५ ची गोष्ट. मेरिल नावाच्या शेतकऱ्यांची ४६० एकर गव्हाची जमीन. सरकारी पीकविमा तेव्हा नवीनच. त्यांनी तालुक्याच्या विमा समितीला सरळ सांगितलं की यातल्या ४०० एकरांत हिवाळी गहू होता, तो मोडून आम्ही पुन्हा पेरलाय. समिती म्हणाली, चालतं, सगळा विमा आहे. दुष्काळात पीक गेलं. मग वरून उत्तर आलं की अशा दुबार पेरणीला विमा नाही, तसं फेडरल रजिस्टरमध्ये छापलेलं आहे. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शेतकऱ्याविरुद्ध निकाल दिला. रजिस्टरात छापलं म्हणजे सगळ्यांना कळलं, प्रत्यक्षात वाचलं असो नसो. हा निकाल न पटलेल्या न्यायमूर्ती जॅक्सन यांनी चिडून लिहिलं की शेतकऱ्याने तो जाडजूड कंटाळवाणा ग्रंथ वाचायचा म्हटला तर त्याला पेरायला वेळच उरणार नाही, आणि मग विम्याचीही गरज नाही.

जॅक्सन यांचं ते वाक्य मी याआधी ऐकलं होतं. आमच्या धंद्यात ते सगळ्यांना आवडतं, कारण त्यात आपण शेतकऱ्याच्या बाजूचे असतो. वकीलबाई म्हणाल्या, "त्या खटल्यात शेतकऱ्याला साध्या भाषेत कोणी सांगितलं होतं?"

समितीने.

त्यांनी चष्मा घातला आणि पेन उचललं. आधी त्या मुलीच्या ऑफिसातल्या एचआरला फोन, बिनपगारी रजा मिळते का बघायचं, म्हणजे जागा तरी राहील. मग जानेवारीच्या यादीतल्या प्रत्येक एच-फोरवालीचं आय-९४ तपासायचं. सगळ्या. रात्री साडेनऊपर्यंत मी फायली काढत बसले. एकतीस जणी होत्या. तिच्यासारख्या आणखी दोघी निघाल्या. एकीला फेब्रुवारीपर्यंत अवकाश होता, दुसरीला डिसेंबरपर्यंत. त्यांना निदान आधी कळलं, असं म्हणायची माझी हिंमत नाही.

२०१० मध्ये इथे सरकारी लिखाण साध्या भाषेत असावं असा कायदा झाला. त्यातून खुद्द नियमांचा मजकूर वगळलाय. मी इतकी वर्षं यावर कुत्सित हसत आले. आता तेवढं हसू येत नाही. 'जे आधी घडेल ते' हे शब्द कोणी लोकांना छळायला घातलेले नसतात. कधी कधी सगळा नियम त्यांच्यातच असतो, आणि आधीचे ५४० दिवस ही नुसती आरास.

त्या रात्री नवा मराठी निरोप लिहिला. पहिल्यांदाच सुरुवात चुकीच्या कबुलीने केली: जानेवारीतला माझा मेसेज अपुरा होता, तो पुसून टाका. मग 'तुमच्याकडे दोन तारखा आहेत, दोन्ही बघा'. मग आय-९४ चा तुकडा कागदावर नेमका कुठे असतो त्याचा फोटो, आकडे झाकून. मग एक उदाहरण, तारखांसकट. लांबलचक झाला. पाठवायच्या आधी ऑफिसातल्या गुजराती मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. तिला मराठी निम्मंच कळतं, पण जिथे तिचं तोंड वाकडं झालं ती दोन वाक्यं बदलली. ग्रुपवर पहिलं उत्तर आलं: 'ताई, यावेळी फार मोठं झालंय, थोडक्यात सांगा ना.'

प्लेन्सबरोची मुलगी १४ तारखेला संध्याकाळी शेवटचा पेशंट संपवून घरी गेली. रजा मिळाली, बिनपगारी. कार्ड फेब्रुवारीत आलं. मधल्या तीन महिन्यांत तिने मला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा केस नंबरासाठी. आता 'ताई' म्हणत नाही, 'मॅडम' म्हणते.

डिसेंबरच्या शेवटी डॅलसहून माझ्या मावसबहिणीने एक मेसेज पाठवला. वर दुहेरी बाण, अनेकदा फॉरवर्ड झाल्याचा. 'कार्ड संपलं तरी घाबरू नका.' खाली तिने लिहिलं होतं: 'हे बघ, कुणीतरी किती छान समजावून सांगितलंय. तुझ्या कामाला येईल.'