तुम्ही विचारलंत म्हणून: मी आधीच का सांगत नाही

नातेवाईक विचारतात, समाजकार्य शिकलेली मुले विचारतात, आणि अलीकडे माझ्याबरोबर तुरुंगातून सुटलेले लोकही विचारू लागले आहेत, की हातात चांगले सुतारकाम असताना मी कंपनीत का चिकटत नाही, आणि नव्या कामावर जाताना शिक्षेबद्दल स्वतःहून सांगून मोकळा का होत नाही. खटल्याची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ खाली झालेली शिक्षा मी भोगून संपवली. ती इथे पुन्हा उगाळत नाही.

कंपनीचे उत्तर सरळ आहे. चाकणला ठेकेदारामार्फत शिरायचे म्हटले, तरी माझ्याकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जातो. ‘मग रखवालदारी करा’ असे सुचवणाऱ्यांना २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा माहीत नसावा. तिथे पूर्वचारित्र्याची खात्री करून घेणे सक्तीचे आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ त्याला पुढे अपात्रतेपासून बहुतेक वेळा वाचवते, आणि ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार ठरावीक काळानंतर अनेक शिक्षा सांगण्याची गरज उरत नाही. आपल्याकडे प्रौढांसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे कलम १२ आहे, पण ते तुरुंगाऐवजी परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर, सोडलेल्यांसाठी. मी त्यांतला नाही. राहिला माझा सुतारकामाचा दाखला. तो खरा आहे, पण त्यावरचा शिक्का कारागृहाचा आहे, म्हणजे कौशल्य सिद्ध करायला जे दाखवायचे त्यानेच दार बंद होते.

म्हणून कोणी ‘कुठे शिकलात’ विचारले, की मी ‘येरवड्याला, एका कारखान्यात’ असे सांगत असे. यात खोटे काही नाही. ऐकणारा येरवडा ही वस्ती समजतो, ती त्याची समजूत.

सिंहगड रस्त्यावरच्या एका घरी मात्र ही समजूत टिकली नाही. स्वयंपाकघराच्या कपाटांचे काम चालू असताना घरमालक काकांनी आपले जुने सागवानी टेबल दुरुस्तीला पुढे केले. प्लायवूडला खिळे ठोकून कंटाळलेल्या माणसाला असे काम म्हणजे मेजवानीच, तेव्हा मी एकही खिळा न वापरता त्याचा सांधा नव्याने बसवला. काका बराच वेळ शेजारी खुर्ची टाकून बघत होते. शेवटी त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिले. ते कोर्टातून निवृत्त झालेले होते. ‘आमच्या कोर्टातल्या खुर्च्या त्याच कारखान्यातून यायच्या,’ ते शांतपणे म्हणाले, आणि मग ‘कोणतं कलम?’ असे विचारले. मी सांगितले. ‘म्हणजे घातक शस्त्राने गंभीर दुखापत,’ असे म्हणताना त्यांची नजर माझ्या हातातल्या पटाशीकडे गेली आणि लगेच वळली. त्यांनी सुनेला पुन्हा चहा टाकायला सांगितले, किती वर्षे होतो ते विचारले, टेबलावरून हात फिरवला, आणि निघताना ‘सकाळी लवकर या, मिस्त्री’ असेही म्हणाले. रात्री ठेकेदाराचा फोन आला, की उद्यापासून तू बांधकामावर जा, त्या घरी सून आणि नात दुपारी एकट्या असतात. माझा रंधा आणि पटाशा दुसऱ्या पोराने आणून दिल्या.

शिवी दिली असती तर मला राग तरी धरता आला असता. काकांचे चुकले, असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझी नात असती तर मी काय केले असते, हे मला ठाऊक नाही. पण या शिक्षेचा अर्थ मला भेटलेल्या सगळ्या घरमालकांपेक्षा ज्याला जास्त कळत होता, त्यानेच नको म्हणावे, हे अजून गिळवत नाही.

‘आधी सांगितलं असतंस तर ही वेळ आली नसती,’ असे तुम्ही म्हणता. अगदी बरोबर, कारण मी त्या घरात पाऊलच टाकले नसते. नुकताच सुटलो तेव्हा मी सगळीकडे आधी सांगत होतो, आणि सगळीकडून ‘कळवतो’ एवढेच ऐकत होतो. तेव्हाचा मी आजच्या माझ्या उत्तराला लबाडी म्हणेल. त्याच्याकडे काम नव्हते, हे मी त्याला ऐकवतो. काम असून धास्ती जात नाही त्याचे काय, असे तो मला विचारतो, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ठेकेदाराला पहिल्यापासून सगळे माहीत आहे. पण त्या घरच्या प्रकारापासून तो मला रिकाम्या इमारतींवरच ठेवतो, रोजंदारी तेवढीच देतो, आणि नाजूक काम इतरांना देतो. आता बाणेरला एका राहत्या घराचे जिन्याचे काम आले आहे, सगळे सागवानी, आणि ते त्याच्या दुसऱ्या कोणाला जमणारे नाही. घरमालकांना काय सांगायचे ते त्याने माझ्यावर सोडले आहे. मी अजून होकारही दिलेला नाही आणि नकारही.