तुम्ही विचारलंत म्हणून: सहलीच्या डब्यात भात का नसतो

उन्हाळ्यातली सहल ठरली आणि कोण काय आणणार याची वाटणी सुरू झाली, की माझ्यापाशी येऊन प्रश्न अडतो. "तू भात आणत नाहीस, दुसऱ्याचा खातही नाहीस. पण मेयोनीज घातलेलं बटाट्याचं सॅलड मात्र भर उन्हात बिनधास्त आणतेस. असं कसं?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्या दिवशीचा प्रकार ठाऊक असतो. त्यांच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, तोही मला ऐकू येतो: त्या सहलीत लोकांना बाधलं ते तुझं सॅलडच ना? आज दोन्हींचं उत्तर देते.

तेव्हा आम्ही बरीच मंडळी पाण्याकाठी झाडाखाली बसलो होतो. एकीनं मोठं पातेलं भरून भात आणला होता. मटार, चिकनचे तुकडे, तळलेला कांदा, वरून लोणी. आदल्या रात्री शिजवून पातेल्यातच ओट्यावर झाकून ठेवलेला, सकाळी परतून गरम केलेला आणि जाड कापडात गुंडाळून आणलेला. वाढला तेव्हा कोमट होता. चव सुंदर होती, हे आजही म्हणते. वास नाही, चिकटपणा नाही, शंका यावी असं काहीच नाही. माझ्या भाचीनं दोनदा घेतला.

परतीच्या वाटेवर तिला उलट्या सुरू झाल्या. आधी वाटलं, गाडी लागली. मग पुढच्या गाडीतल्या दोघांना झाल्या, मग आणखी एकाला. घरी पोहोचेपर्यंत पोरगी इतकी गळून गेली होती की पाण्याचा घोटही पोटात राहीना. रात्र दवाखान्यात सलाइन लावून काढली. मी तिच्या उशाशी बसले होते. बाहेर बाकावर मोठ्या माणसांची चर्चा चालली होती, तिचे तुकडे आत येत होते. कोणी म्हणे ऊन लागलं, कोणी म्हणे पाणी बाधलं. मग भात आणणारी म्हणाली, "मेयोनीज होतं ना त्या सॅलडमध्ये. उन्हात मेयोनीज म्हणजे विषच." आणि विषय संपला. सॅलड माझं होतं.

मी बाहेर जाऊन काही बोलले नाही. त्या रात्री भांडायची ती जागा नव्हती. नंतर बोलायला गेले तेव्हा सगळ्यांना ते बाजूला सारायचं होतं. भाची बरी झाली होती, मग आता कशाला उकरून काढायचं, असा सूर होता. पण "हिचं सॅलड" हा शब्दप्रयोग राहिला तो राहिलाच. म्हणून एकदा सलग सांगते.

सॅलड खाल्लेले पण भाताला हात न लावलेले लोक होते, त्यांना काही झालं नाही. मीही त्यातलीच. आजारी पडलेल्या प्रत्येकानं भात खाल्ला होता. आणि वेळ बघा. जेवणानंतर दोनेक तासांत उलट्या. मेयोनीजमधल्या अंड्यातून येऊ शकणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूला साधारण 6 तास तरी लागतात, कधी काही दिवस. तांदळात मात्र बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक, झोपलेलं रूप, असतात. ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात शिजून रात्रभर कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. त्यानं अर्ध्या तासापासून 6 तासांत उलट्या होतात. आणि सकाळी भात कितीही गरम करा, विष मोडत नाही. जिवाणू मरतो, त्यानं करून ठेवलेलं तसंच राहतं.

सिद्ध झालं का? नाही. उरलेला भात कुणी तपासायला दिला नाही, पातेलं त्याच संध्याकाळी घासलं गेलं. हाताच्या संसर्गातून येणारा स्टॅफिलोकोकस हा दुसरा जिवाणू चिकनमध्ये वाढला असेल, तर त्याच्या विषानंही इतक्याच लवकर उलट्या होतात. मग भातापेक्षा चिकनचा दोष. हेही शक्य आहे, आणि मी ते नाकारत नाही. पण सॅलडचा दोष होता, हे मी मान्य करणार नाही.

बाजारातलं मेयोनीज व्हिनेगर-लिंबामुळे इतकं आंबट असतं की त्यात जिवाणू वाढायला धजत नाहीत. कच्च्या अंड्याचं घरी केलेलं मेयोनीज वेगळं, ते मी सहलीला नेत नाही. खरी काळजी करायची ती उकडलेल्या बटाट्याची आणि अंड्याची. 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात शिजलेलं अन्न 2 तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बाहेर 32 अंशांच्या वर तापलं असेल तर 1 तासच. हे मेयोनीज असो-नसो, सगळ्याच शिजवलेल्या पदार्थांना लागू. म्हणून माझं सॅलड बर्फात जातं. आदल्या रात्री फ्रिजमध्ये पक्कं गार झालेलं, खाली बर्फ आणि वरही बर्फ, कारण गार हवा खाली उतरते. पेयांची पेटी वेगळी. ती दर पाच मिनिटांनी कोणीतरी उघडतंच.

आणि चवीचं म्हणाल तर ऐका, कारण मी हे निव्वळ भीतीपोटी करते असं समजू नका. न फुटणारे, चिकट जातीचे बटाटे मिठाच्या पाण्यात उकडायचे आणि गरम असतानाच कापून त्यावर व्हिनेगर, मीठ, मोहरीची पेस्ट घालायची. गरम बटाटा ते आत ओढून घेतो. गार झाल्यावर घातलं तर सगळं वरच्यावर राहतं. मेयोनीज मात्र पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर तेल सुटतं. गार पदार्थाची चव जिभेवर मंद लागते, तेव्हा घरी चाखताना मीठ-आंबट किंचित जास्त वाटलं पाहिजे. काबुली चण्यांचंही तसंच: लिंबू, तेल, कच्चा कांदा, पुदिना, रात्रभर मुरलेलं. सँडविचच्या दोन्ही पावांना कडेपर्यंत लोणी, म्हणजे काकडीचं पाणी पावात उतरत नाही. टोमॅटो तिथंच कापून घालायचा. कलिंगड अख्खं न्या. त्यात आंबटपणा जवळजवळ नसतो, कापलेल्या फोडी उन्हात पटकन बिघडतात.

पूर्वीची मी हे वाचून चिडली असती. मला तेव्हा वाटायचं, सहल म्हणजे घरचं पूर्ण जेवण झाडाखाली मांडायचं, वाफाळतं असेल तितकं चांगलं. त्या मताशी मी अजून भांडते आणि प्रत्येक वेळी जिंकत नाही. बर्फातून काढलेल्या डब्याभोवती लोक बसतात, पण पातेल्याभोवती जसे गोळा व्हायचे तसे होत नाहीत. हे नुकसान खरं आहे.

आता भात. तो आणायची सुरक्षित रीत मला माहीत आहे. शिजल्याबरोबर परातीत पातळ पसरायचा, तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी भरपूर व्हिनेगर किंवा लिंबू कालवायचं आणि बर्फात न्यायचा. लांब दाण्याचा तांदूळ फ्रिजमध्ये कडक होतो, त्यामुळे आखूड दाण्याचा घ्यायचा. मी घरी असा करते, भाचीही आवडीनं खाते. ती मला विचारते, "मावशी, मग सहलीला का नाही आणत?" तिला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. विषाची भीती की त्या बाकावरचं बोलणं, यातलं मला काय अडवतं, ते मला स्वतःलाच ठरवता येत नाही. या वेळच्या वाटणीत मी पुन्हा सॅलड आणि चणे लिहिलेत. भात कुणी लिहिला असेल, तर त्यांनी तो रात्री ओट्यावर ठेवू नये, एवढं मी यादीखाली लिहिणार आहे, कुणाला राग आला तरी.