देवांच्या तसबिरी ते मेस्सी: आमच्या फ्रेमच्या दुकानाची वाटचाल

कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळच्या आमच्या जुन्या दुकानात भिंतीवर तीनच प्रकारची चित्रं असायची: देव, थोर पुरुष आणि गेलेली माणसं. अंबाबाई, जोतिबा, शाहू महाराज आणि जी. कांबळे यांनी रंगवलेले शिवाजी महाराज. या चौघांवर आमचं घर चाललं असं आबा (म्हणजे माझे वडील) अजून म्हणतात. घाईची ऑर्डर म्हणजे दहाव्याला लागणारा फोटो. त्याला नाही म्हणायचं नाही, रात्री उशिरा आलं तरी शटर उघडायचं, हा त्यांचा नियम. मी कॉलेजातून येऊन काचा पुसायची. पट्टी कापायचं मशीन मात्र आबा मला लावू द्यायचे नाहीत. 45 अंशाचा काप जरा सरकला की कोपऱ्यात फट दिसते आणि मोल्डिंग (फ्रेमची पट्टी) वाया जातं, त्यात बोट जायची भीती वेगळी.

आता ते मशीन मी चालवते आणि आबा गिऱ्हाइकाशी बोलतात. त्यांना तेच आवडतं.

धंदा बदलला तो पुराने. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या भागात दुकानांची काय अवस्था झाली ते कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) फुगून पुठ्ठ्यासारखा सुटला, माउंट बोर्डाचे, म्हणजे चित्राभोवती लावायच्या जाड पुठ्ठ्याचे, गठ्ठे चिखलात गेले. 2021 ला पाणी परत आलं, तेव्हा जागा सोडली आणि राजारामपुरीत चढावर आलो. इथे भाडं जास्त, पण आतली एक खोली मोकळी मिळाली. त्या खोलीचं काय करायचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते एका चित्रकाराने ठरवलं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांनाच ते नको आहे. आम्ही सर म्हणतो, कारण ते शाळेत चित्रकला शिकवायचे. त्याआधी ते पेंटर होते. कोल्हापुरात पेंटर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही: दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची फुलं, थिएटरचे बॅनर. फ्लेक्स आला आणि ही सगळी कामं गेली. हात मात्र राहिला. चौकटी पाडून पोस्टकार्डाएवढा चेहरा वीस फुटांवर नेणारा तो हात आहे. छोटं डोकं काढायला ते कंटाळतात.

सर पहिल्यांदा आले ते दादा कोंडक्यांना घेऊन. पाच फुटी कॅनव्हास, मागे भडक गुलाबी रंग आणि मधोमध ढगळी चट्टेरीपट्टेरी चड्डी, खाली लोंबणारी नाडी. चेहरा नाहीच. आबांनी चित्राकडे बघितलं आणि विचारलं, "बाकीचं कधी काढणार?" सर म्हणाले, "वळखला न्हवं? मग झालं की." दुकानात तेव्हा जो जो आला, त्याने दादांना ओळखलं. पुढचं चित्र निळू फुल्यांचं: टोपीची कड, दोन डोळे, मधे नाकाची एक सावली. तेही ओळखलं गेलं. मेस्सीचं चित्र तर सांगायलाच नको. वर्ल्ड कपला इथल्या पेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे फलक समोरासमोर लागतात. त्या गावात निळ्या-पांढऱ्या दोन पट्ट्या आणि लाल दाढी एवढंच पुरलं.

ही झाली पोर्ट्रेटं. दुसऱ्या बाजूला सरांची अमूर्त चित्रं. त्यांत ओळखायला काही नाही. रंगाचा थर, त्यावर थर, मग पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून खालचा थर वर आणायचा, परत रंग ओढायचा. ओढायला ब्रश नाही, स्क्रीन प्रिंटिंगची रबरी पट्टी. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, असं सरांकडूनच ऐकलं. गायतोंड्यांचं एक चित्र 2015 च्या लिलावात 29 कोटींच्या वर गेलं, हे मात्र आबांनी पेपरात वाचलं होतं. तेव्हापासून अमूर्त चित्राला हात लावताना ते हात धुऊन येतात.

अमूर्त चित्रांनी आम्हाला धंदा नव्याने शिकवला. तसबिरीला काच लागते, माउंट लागतो, पट्टी चित्राच्या कडेवर चढते आणि कड झाकली जाते. जाड थराच्या ॲक्रिलिकला काच टेकली की संपलं. उन्हाळ्यात रंग मऊ पडतो आणि काचेला धरतो. बबल रॅपचे फुगे आत करून गुंडाळलं तर फुग्यांचे गोल ठसे रंगावर उठतात. म्हणून आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेर. कॅनव्हास ताणताना चारी बाजूंच्या मधोमध एकेक स्टेपल मारायचा, मग समोरासमोर सरकत कोपऱ्याकडे जायचं, कोपरे शेवटी. आपल्याकडच्या पावसात कापड ढिलं पडतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत आवळतं. त्यासाठी आतल्या कोपऱ्यात लाकडी पाचरी ठेवतो, त्या हलक्या हाताने ठोकल्या की ताण येतो. हे सगळं करणारी माणसं पुण्या-मुंबईत खूप आहेत. आम्हाला ते इथे शिकावं लागलं.

खरा वाद झाला तो कडेवरून. सरांच्या चित्राच्या कडेला, कापड जिथे लाकडावर वळतं तिथे, सगळे थर ओघळून साठलेले असतात. आबांच्या मते ती घाण, पट्टीखाली घालायची. मी म्हटलं, झाकायची नाही. शेवटी फ्लोटर फ्रेम केली: चित्र पेटीत बसतं, पण पेटीला टेकत नाही, चारी बाजूंनी बोटभरापेक्षाही कमी फट सुटते आणि कड उघडी राहते. लावून झाल्यावर जवळून बघितलं, तर राखाडी-हिरव्या चित्राच्या कडेला, सगळ्यात खाली, एक गुलाबी रेघ. तोच गुलाबी. दादांच्या मागचा.

म्हणजे उरलेला रंग सरांनी दुसऱ्या कॅनव्हासवर ओढला होता, एवढंच. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट पटेनाशी झाली. आमच्याकडे येणारे जाणकार म्हणतात, पोर्ट्रेटं पोटासाठी आणि अमूर्त ते खरं. काही जण तर पोर्ट्रेटांकडे पाठ करून उभे राहतात. अहो, दोन्ही एकाच टेबलावर, एकाच डब्यातून निघतात. दादांच्या चित्रातून चेहरा काढून टाकला, त्या हिरव्या चित्रातून तळं काढून टाकलं. काढून काढून किती काढायचं आणि कुठे थांबायचं, सरांचा सगळा उद्योग हाच आहे. आणि या गावात ही वाटणी पूर्वीही नव्हती. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, कॅमेरा बनवला, 1920 ला 'सैरंध्री' हा सिनेमा काढला, पोस्टरंही स्वतः रंगवली. चंद्रकांत मांडरे पडद्यावरचे हीरो, आणि पावडर शेडिंगची त्यांची निसर्गचित्रं इथे राजारामपुरीतच त्यांच्या कलासंग्रहालयात आहेत. त्यांना कोणी विचारलं का, यातलं खरं कुठलं?

पोर्ट्रेटांच्या धंद्यातही काही गोष्टी शिकलो. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने 1962 मध्ये मेरिलिन मन्रोचा सिनेमाच्या जाहिरातीतला फोटो घेऊन सिल्क स्क्रीनने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग ओढून, छापला. आपल्याकडे सिल्क स्क्रीन म्हणजे लग्नपत्रिका आणि मंडळाचे टी-शर्ट. आमच्या ओळखीतल्या पत्रिका छापणाऱ्याने सरांना जाळी ताणून दिली, काळी सावली स्क्रीनने आणि बाकी हाताने, अशी काही चित्रं झाली. लगेच मागण्या सुरू: अमक्या हीरोचा तमका फोटो, असाच्या असा, पन्नास प्रिंट. आम्ही घेत नाही. फोटोवर फोटोग्राफरचा हक्क असतो, आपल्या कायद्यात तो छापला गेल्यापासून साठ वर्षं चालतो. वॉरहॉलने प्रिन्स या गायकाचं चित्र एका फोटोवरून केलं होतं. त्यावरून त्याच्या फाउंडेशनलाही 2023 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात हार पत्करावी लागली. आमच्यासारख्यांनी कशाला तो ताप घ्यावा? सर चार ठिकाणची चित्रं बघून स्वतःचं रेखाटन करतात आणि एकच प्रत होते.

विक्रीचं सांगायचं तर पोर्ट्रेटं हॉटेलवाले आणि तरुण पोरं नेतात, पटकन नेतात. अमूर्त चित्रं महिनोन् महिने आतल्या खोलीत लटकतात. विकलं तर तिसरा हिस्सा आमचा, नाही विकलं तर सर परत नेतात. एकदा शिरोली एमआयडीसीतले एक फौंड्रीवाले मुलाच्या लग्नाचा फोटो करायला आले होते. आतल्या खोलीतल्या एका काळपट, खरबरीत चित्रासमोर ते थांबले, अंगठ्याने कड चाचपली (हात लावू नका म्हणायला मी उठलेच होते) आणि म्हणाले, "ही आमची वाळू हाय." खरंच होती. साचे मोडल्यावर उरणारी जळकी वाळू सरांनी अस्तरात मिसळली होती. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी किंमत केली नाही, लग्नाच्या फोटोसोबत चित्र गाडीत घातलं.

बाकी गिऱ्हाइकांचा नेहमीचा प्रश्न वेगळाच: वरची बाजू कुठली? सर मागे बाण काढतात. एका चित्रावर मात्र त्यांनी बाणच काढला नाही, कसंही लावा म्हणाले. मग आम्ही दोन बाजूंना कड्या बसवल्या. घेणाऱ्या बाईंनी सहा महिने आडवं लावलं, आता उभं लावलंय. त्या म्हणतात, दोन चित्रं एका किमतीत पडली.

सरांची नवी चित्रं सध्या आमच्याकडे फ्रेमला आहेत. त्यातलं एक कुठल्या खोलीत लावायचं यावर आम्ही अजून भांडतोय. 8 ऑगस्ट 2024 ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर. ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री गेलं. सरांनी तेव्हा काहीच काढलं नाही. आता जे आणलंय त्यात खालून वर काळा चढत जातो, मधे घासलेल्या जागी विटकरी आणि पिवळा, आणि वरच्या कोपऱ्यात पगडीची एक वळणदार रेघ. केशवराव आहेत म्हटलं तर आहेत. पोर्ट्रेटाच्या बाजूला लावलं तर लोक चेहरा शोधतात, अमूर्ताच्या बाजूला लावलं तर ती रेघ कोणी बघतच नाही.

फ्रेमसाठी मी नेहमीची काळी फ्लोटर काढली होती. आबांनी माळ्यावरून जुन्या नक्षीची सोनेरी पट्टी काढली, नाटक कंपनीच्या फोटोंना लागायची तसली, पुरातून वाचलेली. मला ती भडक वाटली. सरांनी दोन्ही कोपरे चित्राला लावून बघितले आणि सोनेरी निवडली, फक्त कड झाकायची नाही या अटीवर. नक्षीच्या पट्टीची फ्लोटर आम्ही कधी केलेली नाही. आतून पाइनची वेगळी पेटी करून तिच्यावर पट्टी चढवावी लागेल, कोपऱ्यात नक्षी जुळवायला दीड पट मोल्डिंग जाईल आणि तेवढी पट्टी माळ्यावर आहे की नाही हे आबा आज मोजणार आहेत. कमी पडली तर उभ्या बाजूंना सोनेरी आणि आडव्यांना काळी, असं सरांनी आधीच सांगून ठेवलंय. आबांना ते मान्य नाही.