आमची वाटचाल : आगवाल्याच्या नातवाचं वर्कशॉप

महाडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये शिरलात की डाव्या हाताला भिंतीवर एक पितळी ग्लँड, म्हणजे बोटीच्या शाफ्टवर आवळायचं कडं, लटकवलेला दिसेल. तो आजोबांच्या बोटीचा. ते सावित्री नदीवरच्या वाफेच्या लाँचवर आगवाला होते, म्हणजे भट्टीत कोळसा मारायचं काम. आमच्या धंद्याची सुरुवात मी तिथूनच धरतो, जरी लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, मी 1989 साली घेतली तरी.

आजच्या मुलांना खरं वाटत नाही, पण एकेकाळी मुंबईहून महाडला यायचा सोयीचा रस्ता पाण्यातून होता. मुंबईची आगबोट हरिहरेश्वर-बाणकोटला यायची, आणि तिथून छोटी बोट भरतीबरोबर खाडी चढून म्हाप्रळ, आंबेत करत दासगावला. पुढे महाडपर्यंत पाणी पुरत नसे, म्हणून दासगाव हेच शेवटचं बंदर. 24 डिसेंबर 1927 ला बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेसाठी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, तेही 25 ला दुपारी दासगावलाच उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडात आले. 'तुमचे आजोबा त्या वेळी होते का हो बोटीवर?' असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. नव्हते. ते 1931 ला कामाला लागले. उगाच बढाई कशाला मारू?

बोटीचं वेळापत्रक कंपनी छापायची, पण चालायचं ते तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की समुद्रावरच्या पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दासगावला ती भरती पोचायला आणखी वेळ लागतो. आणि भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून आज सकाळी सुटलेली बोट चार दिवसांनी दुपारी सुटायची. चुकली वेळ की मधेच पुळणीवर बसायची, आणि उतारू शिदोऱ्या सोडून पुढच्या भरतीची वाट बघत. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद म्हटल्यावर आजोबा चार महिने भातशेतीत.

वाफेचं खरं दुखणं पाणी. खाडीचं मचूळ पाणी बॉयलरला चालत नाही, नळ्यांत खार धरतो. गोड पाण्याची टाकी दासगावला भरायची आणि ते पाणी परतीपर्यंत पुरवायचं, यावरून सारंग, म्हणजे बोटीचा तांडेल, आणि आजोबांची रोज खडाजंगी.

आणि हा ग्लँड. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा शाफ्ट, म्हणजे दांडा, बोटीच्या तळातून बाहेर जातो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून चरबीत भिजवलेली तागाची दोरी ठासायची आणि वरून ग्लँड आवळायचा. नवशिका घट्ट आवळतो. मग दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. थेंब थेंब पाणी गळत राहिलं पाहिजे, तेच पाणी शाफ्टला थंड ठेवतं. आजोबा गळणारे थेंब मोजायचे. आता दोरी ग्रॅफाइटची येते, पण नवीन पोराला मी पहिले आठ दिवस थेंबच मोजायला बसवतो.

स्वातंत्र्यानंतर एसटी आली, रस्ते सुधारले, खाडीत गाळ साठत गेला आणि बोटी संपल्या. वडिलांनी मचव्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. मी लेथ घेतली ती शाफ्ट कातायला. मधली काही वर्षं खाडीतली वाळू उपसायच्या पंपांनी पैसा दिला, हे कबूल करतो. त्याच पंपांनी खाडीचा तळ बिघडवला, हेही. एका वाळूवाल्याने सहा शाफ्टचं बिल बुडवलं तेव्हा मी ते काम कायमचं सोडलं. तत्त्वासाठी सोडलं असं बायको लोकांना सांगते, तर सांगू दे.

22 जुलै 2021 च्या पुरात लेथ पूर्ण बुडाली. पाणी ओसरल्यावर लेथच्या बेडवर चार बोटं चिखल. आम्ही तिघांनी तो खराट्याने नाही, रॉकेल आणि चिंध्यांनी काढला, अकरा दिवस. मोटर गेली, स्पिंडल वाचला.

आता वेसवी-बागमांडल्याला फेरीबोट आहे, आंबेतचा पूल बंद पडला तेव्हा तिथेही फेरीबोट लागली. खाडीतल्या मासेमारीच्या बोटी तर आहेतच. शाफ्ट, पंखा, ग्लँड, सगळं करतो. बोट दासगावला आणा, आम्ही तिथे येऊन खोलतो आणि शाफ्ट महाडला नेतो. फक्त निघण्याआधी पंचांग बघा. अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, आलात तर दासगावच्या अलीकडे रुतून बसाल, आणि मग माझा फोन लागला तरी मी काही करू शकत नाही.